स्क्रोल सॉच्या छोट्या लाकडी वस्तूंना कमी वासाचं फिनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटच्या बाल्कनीत टेबल टाकून स्क्रोल सॉ (बारीक ब्लेडने लाकडात नक्षी कापायची करवत) चालवणारी आपली जमात वाढत चाललीय आणि सगळ्यांचं दुखणं एकच आहे. करवतीची घरघर घरचे कशीबशी चालवून घेतात, पण पॉलिशचा डबा उघडला की स्वयंपाकघरातून आवाज येतोच. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की एकदाच बसून सगळं लिहून काढलं. मी सुतार नाही, हौशी माणूस आहे, त्यामुळे हे सगळं नेमप्लेट, कीचेन, जाळीकाम, डब्या, पझल असल्या हातात मावणाऱ्या वस्तूंपुरतंच समजा. डायनिंग टेबलला पॉलिश करायचं असेल तर ते गणित वेगळं आहे.

१. इतक्या लहान वस्तूला फिनिश लागतंच का? तसंच ठेवलं तर?

चालतं की. शोकेसच्या काचेमागे राहणारी वस्तू कोरी ठेवली तरी तिला काही होत नाही, सागवान तर कोरं जास्त छान दिसतं असं माझं मत. पण ज्याला हात लागणार त्याला घामाचे डाग पडतात, देवघराजवळ असेल तर तेल आणि कुंकू लाकडात मुरतं ते पुन्हा निघत नाही, आणि जाळीच्या कामात धूळ बसली की कोऱ्या लाकडाच्या कुसांत पुसायचा फडकाच अडकतो. एवढ्यासाठी निदान एक पातळ हात तरी मारावा.

२. बाकी सगळं राहू दे, सगळ्यात कमी वास कशाला येतो ते सांगा.

लिक्विड पॅराफिन. मेडिकलमध्ये पोट साफ व्हायला मिळतं तेच, वास शून्य. त्याच्यावर मधमाशीचं मेण, त्याला मधासारखा हलका वास असतो जो बहुतेकांना आवडतो. मग कच्चं जवसाचं तेल, मग वॉटर-बेस्ड लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन), मग स्पिरिटमधली चपडी (म्हणजे लाख), त्याच्यावर टर्पेंटाइनवाला वार्निश. शेवटी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, मेलामाइन पॉलिश आणि दोन डब्यांचं, म्हणजे हार्डनर वेगळा येणारं पीयू, ही तिन्ही फ्लॅटमध्ये आणूच नका.

पण हा क्रम डबा उघडल्याक्षणीचा आहे, आणि तिथेच सगळे फसतात. वास किती येतो यापेक्षा तो किती वेळ राहतो ते बघायला पाहिजे. चपडी लावताना स्पिरिट चांगलंच नाकात जातं, पण अर्ध्या-पाऊण तासात उडून जातं आणि मागे काही राहत नाही. उलट जवसाचं तेल लावताना काहीच वाटत नाही पण त्याचा तेलकट वास पंधरा दिवस घरात रेंगाळतो. मला विचाराल तर दहातल्या सात वस्तूंना मी चपडीच लावतो, दुपारी सगळे झोपले की बाल्कनीत, चहाच्या वेळेपर्यंत पत्ता लागत नाही.

३. चपडी म्हणजे नक्की काय आणि ती घरी कशी तयार करायची?

चपडी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ सोडतात, ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात. देशात सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते. जुन्या पेठेतल्या रंगाच्या किंवा पॉलिशच्या दुकानात वजनावर मिळते, पॉलिशचं स्पिरिटही तिथेच मिळतं.

प्रमाण असं: १०० मिलि स्पिरिटला १२ ग्रॅम चपडी घेतली की एकदम पातळ होते, जाळीकामाला हीच वापरा. २५ ग्रॅम घेतली की नेहमीच्या सपाट कामाला पुरते. चपडी आधी खलबत्त्यात थोडी कुटून घ्या (तो खलबत्ता परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे घरी आधीच सांगून ठेवा), काचेच्या बरणीत स्पिरिट घालून रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, लोखंडाने काळी पडते.

बरणीवर तारीख लिहायची, हे विसरू नका. भिजवलेली चपडी सहाएक महिन्यांनी नीट वाळेनाशी होते. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख लावून बघा, चिकट लागला तर सगळी बरणी टाकून द्या, वस्तूवर प्रयोग करू नका. मी केला होता, ती किल्ल्यांची पाटी तीन महिने हाताला चिकटत होती आणि शेवटी पूर्ण घासून काढावी लागली.

लावताना पातळ दोन-तीन हात, मध्ये अर्धा-एक तास जाऊ द्या आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर अलगद फिरवा. स्पिरिट भडकन पेट घेतं, म्हणून गॅस, समई, उदबत्ती, सिगारेट यातलं काहीही जवळ नको.

४. स्पिरिट मिळत नाही. घरात सॅनिटायझरच्या बाटल्या पडल्यात, त्यात विरघळवू का?

नको. सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के अल्कोहोल आणि उरलेलं बहुतेक पाणी असतं, त्यात चपडी नीट विरघळत नाही, लगदा होतो. जेलवाला तर विसराच. मोबाईल रिपेअरवाले वापरतात ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, फक्त विरघळायला जास्त वेळ घेतं आणि वाळतंही जरा सावकाश. हेच उलट बाजूनेही लक्षात ठेवा: चपडी लावलेल्या वस्तूवर सॅनिटायझर उडालं तर तिथलं पॉलिश गेलं.

५. वॉटर-बेस्ड म्हणजे बिनवासाचंच ना?

कमी वासाचं, बिनवासाचं नाही. डबा उघडला की थोडा अमोनियासारखा, नवीन डिस्टेंपर लावलेल्या खोलीसारखा वास येतो. त्यात पाण्याबरोबर थोडं सॉल्व्हंटही असतंच, नाहीतर थर एकजीव होणार नाही. पहिला दिवस जाणवतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक लावल्याशिवाय कळत नाही. पूर्ण पक्कं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे धरा, हाताला कोरडं लागलं म्हणजे झालं असं नाही.

फायदा असा की पांढरट लाकूड पांढरंच राहतं. बर्च प्लाय किंवा पाइनला चपडी पिवळसर छटा देते, जवस तर आणखी पिवळं करतं आणि वर्षागणिक वाढत जातं. तोटा म्हणजे पाण्याने लाकडाच्या कुसा उभ्या राहतात. म्हणून आधीच ओल्या फडक्याने वस्तू पुसून वाळू द्या, उठलेल्या कुसा ३२० ने घासून काढा आणि मग पहिला हात मारा. डबा खळखळ हलवू नका, बुडबुडे तसेच वाळतात, काडीने ढवळा. आणि मध्ये घासायला स्टील वूल अजिबात नको, तुटलेला एखादा तंतू राहिला की तिथे गंजाचा ठिपका येतो.

६. वास येत नाही म्हणजे तब्येतीला सुरक्षित, बरोबर?

चूक, आणि ही चूक सगळेच करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं रसायन घालतात. म्हणजे वास नसणं आणि धोका नसणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. 'लो ओडर' म्हणून विकतात त्या टर्पेंटाइनमधून उग्र वासाचे घटक काढलेले असतात, पण बाकीचं सॉल्व्हंट तेवढंच हवेत उडतं, फक्त नाकाला कळत नाही म्हणून आपण खिडकी उघडत नाही आणि तासाभराने डोकं धरतं. उलट मधमाशीच्या मेणाला वास आहे आणि त्याचा त्रास काही नाही.

म्हणून डब्यावर वासाचं काय लिहिलंय ते सोडा, पातळ करायला काय लागतं ते वाचा. पाणी लागत असेल तर बरं. थिनर लागत असेल तर तो पूर्ण हवेतच जाणार. मेलामाइन वाळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं, डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी दमा असलेल्यालाच नाही तर नसलेल्यालाही श्वासाचा त्रास मागे लागू शकतो. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा दम्याचा पेशंट असेल तर माझ्याकडून पॅराफिन, मेण आणि बाहेर वाळवलेलं वॉटर-बेस्ड एवढंच. पोपट किंवा लव्हबर्ड असतील तरीही तेच, पक्ष्यांना वाफांचा त्रास माणसापेक्षा फार लवकर होतो.

७. कोविडमधले एन-९५ मास्क उरलेत, ते लावून पॉलिश केलं तर?

ते मास्क भुसा आणि धुळीसाठी. घासताना जरूर लावा. सॉल्व्हंटची वाफ त्यातून सरळ आत जाते, त्याला कोळशाचं कार्ट्रिजवालं रेस्पिरेटर लागतं. आणि एसी लावून, खिडक्या बंद करून पॉलिश करू नका, स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. एक खिडकी उघडी, समोरच्या खिडकीत बाहेर तोंड करून टेबल फॅन, पुरतं तेवढं.

८. खोबरेल लावलं तर? वासही छान आणि घरातच आहे.

पहिल्या दिवशी सुंदर दिसतं, दोन-चार महिन्यांत खवट. खोबरेल, शेंगदाणा, तीळ, राई यातलं कुठलंच लाकडावर वाळून कडक होत नाही, ओलंच राहतं, वर धूळ धरतं आणि हवेने कुबट होतं. आजीच्या पोळपाटाला तेल लावायचे हे खरं, पण तो पोळपाट रोज धुतला जायचा. घरगुती काहीतरी लावायचंच असेल तर प्रश्न २ मधलं लिक्विड पॅराफिन घ्या. तेही वाळत नाही, पण खवटही होत नाही. जरा चकाकी हवी तर चार भाग पॅराफिनमध्ये एक भाग मधमाशीचं मेण, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको. थंड झालं की मलम होतं, बोटाने चोळा, अर्ध्या तासाने सुती कापडाने पुसून काढा.

९. जवसाचं कच्चं तेल घ्यायचं की बॉइल्ड?

कच्चं वाळायला आठवडे लागतात, बॉइल्ड एक-दोन दिवसांत वाळतं कारण त्यात धातूंचे ड्रायर घातलेले असतात, नाव बॉइल्ड असलं तरी नुसतं उकळलेलं नसतं. वास दोन्हीला आहे, बॉइल्डला जास्त.

तेलापेक्षा फडक्याची काळजी घ्या. जवसाचं तेल पुसलेलं फडकं बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर ते आपोआप पेट घेऊ शकतं, काडी न लावता. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता तयार होते आणि बोळ्यात ती अडकून वाढत जाते. फडकं दोरीवर एकेरी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. डॅनिश ऑइल आणि टंग ऑइल या लाकडाच्या वाळणाऱ्या तेलांच्या फडक्यांनाही हाच नियम.

१०. बारीक जाळीचं काम आहे, ब्रश आत पोचत नाही आणि भोकांत ओघळ साठतात. काय करू?

ब्रश सोडा, बुडवा. ॲल्युमिनियमच्या उथळ ट्रेमध्ये पातळ चपडी (प्रश्न ३ मधली १२ ग्रॅमवाली) ओतायची, वस्तू त्यात दोन्ही बाजूंनी बुडवून काढायची, झटकायची आणि हवा भरायच्या छोट्या पंपाने किंवा केरसुणीच्या काडीने भोकांतले थेंब काढायचे. मग खिळ्यांच्या टोकांवर किंवा चार टूथपिकांवर ठेवून वाळवा. उरलेलं गाळून परत बरणीत. वास मात्र ट्रे उघडा असल्यामुळे जास्त पसरतो, तर हे काम गच्चीवर नाहीतर बाल्कनीत.

बुडवायच्या आधी मागच्या बाजूला ब्लेडने काढलेल्या कुसा २२० ने घासून घ्या, नाहीतर त्या पॉलिशमध्ये ताठ होऊन काट्यांसारख्या टोचतात. स्प्रे कॅन जाळीला सोपा पडतो हे कबूल आहे, पण वासाच्या बाबतीत तो सगळ्यात वाईट, तुषार पडद्यांपर्यंत जातात.

११. लहान मुलाचं खेळणं आहे, ते तोंडात घालणार. मग?

चपडी किंवा पॅराफिन-मेण. लाख गोळ्या-औषधांवर आणि चॉकलेटच्या गोळ्यांवर चकाकीसाठी वापरतात, खाद्यपदार्थांच्या यादीत तिचा नंबर ई ९०४ आहे. स्पिरिट पूर्ण उडू द्या, म्हणजे आठवडाभर हवेवर ठेवा. कर्नाटकातल्या चन्नपटणाची खेळणीही लाखेचीच, पण तिथे लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने ती वितळून बसते, स्पिरिट लागतच नाही. आपली वस्तू फिरत नाही म्हणून आपल्याला स्पिरिट.

रंगवायचं असेल तर माळ्यावरचा जुना ऑइल पेंट काढू नका. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या डब्याचा भरवसा नाही. आणि खेळणी विकायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, तेवढं आधी बघून घ्या.

१२. जिगसॉ पझल पॉलिश केल्यावर तुकडे एकमेकांत बसेनात!

ब्लेडने सोडलेली फट जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात दोन्ही तुकड्यांच्या कडांवर दोन-दोन थर चढले की जागा संपली. पझलला वरचा आणि खालचा चेहरा कापायच्या आधी फिनिश करा, कापून झाल्यावर कडांना फक्त मेणाचा हात. आता अडकलंच असेल तर कडा ४०० ने हलक्या घासा. बाकी पावसाळ्यात लाकूड फुगूनही अडकतं, त्याचा दोष पॉलिशला देऊ नका.

१३. छोटी झाकणाची डबी केली, दोन महिने झाले तरी उघडली की भपकारा येतो.

आत तेल किंवा वार्निश लावलंत ना? बंद जागेत वारा नाही, त्यामुळे ते धड वाळतही नाही आणि वास कोंडून राहतो. डबीच्या आतून एकतर काहीच नाही, नाहीतर फक्त चपडी, तीही झाकण उघडं ठेवून वाळवलेली. बाहेरून काहीही लावा. आता झालंय त्याला उपाय म्हणजे झाकण काढून आठवडाभर वाऱ्यावर ठेवा, मग आतून चपडीचे दोन हात मारा, वास बराचसा खाली दबतो. कापूर-लवंग टाकून वास झाकायचा प्रयत्न करणारे भेटलेत मला, दोन्ही वास मिळून तिसराच होतो.

१४. मी तर काहीच लावलं नाही, तरी वस्तूला वास येतोय. असं कसं?

एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेली पाटी) किंवा स्वस्त प्लाय असणार. त्यातल्या गोंदामधला फॉर्मल्डिहाइड कापलेल्या कडांतून बाहेर येतो आणि स्क्रोल सॉच्या कामात कडाच कडा असतात. चारही बाजूंनी, कडांसकट चपडीचे दोन हात मारा. वर ॲक्रिलिक रंग देणार असाल तर कडांना फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून लावलं तरी कडा रंग पिणं थांबवतात, पण फेव्हिकॉल हे शेवटचं फिनिश नाही, पाणी लागलं की पांढरं पडतं.

१५. जुलैमध्ये चपडी मारली आणि वर पांढुरकी साय आली. वाया गेलं का?

नाही. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं आणि दमट हवेतलं पाणी थरात अडकतं. ऊन पडलेला कोरडा दिवस बघा, स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेली फडक्याची पुरचुंडी एकदाच वरून फिरवा, साय निघून जाते. घासत बसू नका, पॉलिशच निघेल. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर मी सरळ वॉटर-बेस्ड वापरा म्हणतो, त्यालाही वाळायला दुप्पट वेळ लागतो पण साय तरी येत नाही.

१६. दाराबाहेरची नेमप्लेट आणि चहाचे कोस्टर, यांना पण चपडी चालेल?

दोन्हीला नाही. गरम कप ठेवला की चपडी मऊ होते आणि पांढरं वर्तुळ उमटतं. कोस्टरला वॉटर-बेस्ड पीयूचे तीन हात आणि मग महिनाभर कळ काढा. नेमप्लेट जिन्यात, आडोशाला असेल तर तेच फिनिश पुरेल. बंगल्याच्या फाटकावर ऊन-पाऊस खाणार असेल तर बाहेरच्या वापराचं म्हणून लिहिलेलंच घ्या आणि दर दोन पावसाळ्यांनी परत हात मारायची तयारी ठेवा.

१७. एकावर एक वेगवेगळी फिनिश मारली तर चालतात का?

चपडीवर जवळजवळ सगळं बसतं, एक अडचण सोडून. आपल्याकडे सुटी मिळणारी चपडी मेणासकट असते आणि त्या मेणावर वॉटर-बेस्ड नीट धरत नाही, पापुद्रे निघतात. भिजवलेली बरणी दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, मेण खाली बसेल, वरचं निवळ अलगद ओतून तेवढंच वापरा. मेण किंवा पॅराफिन मात्र कायम शेवटी, त्याच्यावर काहीच चिकटत नाही. आणि साग, शिसवी ही मुळातच तेलकट लाकडं, त्यांच्यावर तेल आणि वार्निश वाळायला रडवतात, आधी चपडीचा एक हात दिला की पुढचं सुरळीत होतं.

१८. वास पूर्ण गेला हे कसं ओळखायचं? आपल्याच नाकाला सवय होते.

वस्तू झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रात्रभर बंद करा. सकाळी ज्या माणसाने काम बघितलेलं नाही त्याला झाकण उघडून वास घ्यायला सांगा. त्याने नाक मुरडलं तर अजून दोन दिवस वाऱ्यावर. भेट द्यायची वस्तू या परीक्षेशिवाय कागदात गुंडाळायची नाही.

१९. गणपती चार दिवसांवर आलेत, मखराची जाळी कापून तयार आहे. आता काय लावू?

वॉटर-बेस्डला आता मुदत नाही, तेलाचं नाव काढू नका. सोमवारी गणपती असतील तर आज गुरुवारीच पातळ चपडीत बुडवून काढा, उद्या दुसरा हात, शनिवारी सगळं वाऱ्यावर, रविवारी मांडा. हवा फार दमट असेल तर चपडीही नको, नुसतं मेण चोळा. समई आणि निरांजनापासून जाळी हातभर लांब ठेवा. आणि अत्तराचा फाया मखरावर ठेवू नका, त्यात स्पिरिट असेल तर गोल डाग पडतो, आमच्याकडे अजून आहे तो.